आमटीत गेलेले ओक

मी ओक खाल्ला आहे. लाकूड नव्हे, बिया. आणि एखादी चाखून बघितली असंही नाही. चांगल्या डबाभर, डाळीत शिजवून, वरून कोथिंबीर घालून. जगभरात ज्या झाडावर माणसं जीव टाकतात, त्याच्या एका अख्ख्या पिढीला मी भाईंदर पूर्वेत कुकरच्या शिट्ट्या दिल्या. बरेच दिवस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी कमी बोलतो. इंद्रलोक कॉम्प्लेक्समधल्या आमच्या इमारतीत मला सज्जन समजतात ते केवळ यामुळे. सोसायटीच्या मीटिंगला मी मागच्या खुर्चीत बसतो, समोसा खातो, सही करतो आणि घरी येतो. न बोलणारा माणूस खोटंही बोलत नसेल, असा लोकांचा समज असतो. खरं सांगायचं तर न बोलणाऱ्याला खोटं फक्त एकदाच बोलावं लागतं. पुढचं सगळं काम गप्प बसण्यावर भागतं.

सुरुवात बाळगुटीपासून झाली. मुलीच्या पहिल्या बाळाच्या वेळी बायकोने स्टेशनजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडून गुटीचं सगळं सामान आणलं होतं. मुलीने "आई, डॉक्टर नको म्हणालेत" असं सांगून पुडी जशीच्या तशी परत दिली. बायकोने तेव्हा बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. हाताला काम नव्हतं, म्हणून तिने पुडी टेबलावर ओतली आणि एकेक वस्तू ओळखायला बसली. हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, सगळं जमलं. मायफळापाशी अडलं. दिसायला फळासारखं, पण देठ नाही, आत बी नाही, आणि बाजूला सुईने पाडावं तसं एक भोक.

ती दुकानदाराकडे परत गेली. "ये कौन से झाड का फल है?"

"बेन, ये माल उधर से आता है," तो म्हणाला. उधर म्हणजे कुठून, ते त्याच्या वडिलांनाही ठाऊक नसावं.

मग तिने शोधून काढलं. ते फळच नव्हे. ओकच्या कोवळ्या फांदीवर एक चिमुकली माशी अंडं घालते. झाड त्या जागी गाठ धरतं, गाठीत अळी वाढते, तिची माशी होते आणि भोक पाडून उडून जाते. मागे उरतं ते मायफळ.

"अहो, म्हणजे आपण सगळे पाळण्यात ओक चाटूनच मोठे झालो की," ती म्हणाली.

मी "हं" म्हटलं.

हे "हं" लक्षात ठेवा. पुढची दोन वर्षं संध्याकाळच्या चहाला ती ओकबद्दल बोलायची आणि मी "हं" म्हणायचो. जगभरातल्या ओकवेड्या लोकांचा एक गट तिला इंटरनेटवर सापडला. कोण रानात जाऊन ओकच्या जाती मोजतोय, कोण शहरातला एखादा म्हातारा ओक रस्तारुंदीतून वाचवतोय, कोण नुसतेच आपल्या अंगणातल्या झाडाचे फोटो टाकतोय. मेक्सिकोत एक शिक्षिका होती, कोरियात एक बाई, बेल्जियममध्ये एक निवृत्त वनाधिकारी. या वनाधिकाऱ्याला बायको "खवचट म्हातारा" म्हणायची. कुणी कुठल्याही झाडाचा फोटो टाकला की तो आधी "कशावरून?" असं विचारायचा.

तिनेच मला सांगितलं की ओकची बी साठवता येत नाही. इतर कितीतरी झाडांच्या बिया सुकवून, पाकिटात भरून थंडीत वर्षानुवर्षं ठेवता येतात. ओकची बी सुकली की मेली. त्यामुळे ओकची एखादी जात वाचवायची तर झाड लावूनच वाचवावी लागते, कुणाच्या तरी बागेत, कुणाच्या तरी अंगणात. "म्हणजे प्रत्येक झाडामागे एक माणूस लागतो," असं ती म्हणाली होती. मी काय म्हटलं असेन ते तुम्हाला कळलंच असेल.

पण एक गोष्ट मी बघत होतो. सगळी नोकरी तिने काउंटरच्या काचेमागे काढली. इतक्या वर्षांत लोक तिला "मॅडम, जरा लवकर" याच्यापलीकडे काही बोलले नाहीत. आणि इथे ती मेक्सिकोतली शिक्षिका तिला विचारायची, या पानाबद्दल तुला काय वाटतं? बायको चष्मा लावून, दोन बोटांनी सावकाश टाइप करून, आपल्याला काय वाटतं ते लिहायची. तेव्हा तिचा चेहरा मी घरात कधी न पाहिलेला असायचा.

दिवाळीनंतर आम्ही हिमाचलच्या सहलीला गेलो. बरोबरच्या बायका शाली घेत होत्या. आमची, एका जुन्या बंगल्याच्या आवारात ओणवी होऊन, कुण्या साहेबाने कधीकाळी लावलेल्या विलायती ओकखालच्या बिया वेचत होती. त्याच्या पानांना लहान मुलाने वेडंवाकडं कातरल्यासारख्या गोल खाचा असतात. बिया तिने ओल्या रुमालात बांधून, माझ्या पायमोज्यात घालून भाईंदरला आणल्या. माझ्याच, कारण तिचे ओले झाले असते. मग ओल्या वाळूच्या डब्यात घालून तो डबा फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवला. बीला थंडीचे काही महिने मिळावे लागतात म्हणे. यातलं बरंचसं तिने मला सांगितलं असणार. माझ्या "हं"मधून ते पलीकडे निघून गेलं.

एप्रिलात मुलीचं दुसरं बाळंतपण आलं आणि बायको पुण्याला गेली. मी घरी एकटा. दोन-तीन दिवस पोळीभाजी केंद्रावर काढले आणि एका रविवारी ठरवलं की आज आपण स्वतः आमटी करायची. कोथिंबिरीसाठी ट्रे उघडला तर मागे डबा दिसला. फ्रिजमधला दिवा केव्हाचा गेलेला, माझा चष्मा बाहेर. डब्यात ओली वाळू, आणि वाळूत तपकिरी, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढ्या बिया.

आता माझं गाव रत्नागिरीकडचं. माझी आई फणसाच्या आठळ्या वाळूत पुरून ठेवायची. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की त्यातल्या मूठभर काढून आमटीत टाकायची. लग्न झाल्यापासून मी बायकोला हे निदान दहादा सांगितलं असेल. ती सोलापूरची, तिच्या लेखी फणस म्हणजे बाजारात गरे काढून मिळतो तो. तर त्या फ्रिजपुढे उभं राहून मला वाटलं, हिने ऐकलं होतं. इतकी वर्षं ऐकत होती, आणि जाताना मला एकट्याला बरं वाटावं म्हणून माझ्या आईच्या पद्धतीने आठळ्या ठेवून गेली. डोळ्यांत पाणी आलं म्हणा, काहीतरी झालं.

आमटी भयंकर झाली. साल चिवट निघाली, त्याचा दोष मी फ्रिजवर ढकलला. पहिल्या घासाला जीभ टाळ्याला चिकटली. इतकं तुरट काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. पण तिने एवढ्या प्रेमाने ठेवलेलं, टाकायचं कसं? मी सगळं संपवलं. रात्रीही तेच जेवलो. मायफळ गुटीत कशासाठी घालतात, तर जुलाब थांबावेत म्हणून. ते काम ओकच्या बियाही चोख करतात, एवढंच सांगतो. पुढचे काही दिवस मी ऑफिसात फारच गंभीर चेहऱ्याने बसलो होतो.

मंगळवारी तिचा फोन आला. बाळाचं वजन, मुलीची तब्येत, सगळं झालं, आणि मग:

"अहो, भाजीच्या ट्रेमधल्या डब्यावर जरा पाणी शिंपडाल? झाकण सैलच ठेवा. माझे ओक आहेत त्यात."

मी गप्प. माझ्या गप्प राहण्याचं तिला काही वाटलं नाही, ते नेहमीचंच.

"शिंपडता ना?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. ती ओरडली असती, मग हसली असती, मग हे सगळ्या नातेवाइकांत फिरलं असतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "अगं, त्यांना मोड आले होते. मी लावले कुंडीत."

मग ती म्हणाली, "तुम्ही? स्वतःहून?" आणि तिचा आवाज इतका हलका, इतका आनंदी झाला की तिथून परतीची वाट बंद झाली.

आता कुंडीत काहीतरी हवं होतं. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या फणसाच्या गाडीपाशी गेलो.

"भैया, खाली बीज मिलेगा?"

"फल लो अंकल, बीज फ्री है."

"फल नहीं, बीज चाहिए. लगाना है."

"किधर?"

"घर पे. पाचवा माला."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, मूठभर आठळ्या पिशवीत टाकल्या आणि शेजारच्या केळीवाल्याला म्हणाला, "देख, अंकल पाँचवे माले पे कटहल का बाग बना रहे हैं." केळीवाला म्हणाला, "बिल्डिंग गिरेगी." मी पिशवी घेऊन निघालो.

माझा हिशेब साधा होता. आठळ्या खोल पुरायच्या, पाणी जेमतेम घालायचं, काहीही उगवणार नाही. भाईंदरच्या उकाड्यात ओक उगवला नाही याचं कुणालाच नवल वाटणार नाही. ती थोडी हळहळेल आणि विषय संपेल. कोकणातल्या माणसाने फणसाबद्दल असा हिशेब मांडावा, याची मला अजून लाज वाटते. बायको परत आली तेव्हा कुंडीत वीतभर रोप होतं.

ती बॅग खाली न ठेवता ग्रिलपाशी गेली. बराच वेळ बघत राहिली. "पानं वेगळीच आहेत हो," ती म्हणाली.

"लहान आहे अजून," मी म्हटलं.

आणि मग फणसाने माझी बाजू घेतली. पाहिलं नसेल तर सांगतो, फणसाच्या पोरवयातल्या पानांना खाचा असतात. मोठ्या झाडाचं पान अखंड, लांबट गोल. पण रोप असताना त्याला खोल, गोलसर खाचा पडतात, हुबेहूब ओकसारख्या. निदान सोलापूरच्या माणसाला फसवण्याइतक्या हुबेहूब. पावसाळ्यात तशी पानं आली आणि बायकोने आनंदाने फोटो काढून गटावर टाकला. समुद्राच्या कडेला, मिठागरांच्या वाऱ्यात, पाचव्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये विलायती ओक. सगळ्या जगातून अभिनंदन आलं. मेक्सिकोच्या शिक्षिकेने चार हृदयं पाठवली. खवचट म्हाताऱ्याने एका ओळीत विचारलं, "पान इतकं चकचकीत कसं?"

"दमट हवा," बायकोने उत्तर दिलं. ते तिला मी सुचवलं होतं.

डिसेंबरात माझा थोरला भाऊ गावाहून आला. चहा घेत ग्रिलपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "काय रे, फणस लावलास कुंडीत? येडा झालास काय?"

बायको स्वयंपाकघरात होती. मी त्याचा दंड धरला आणि मिनिटभरात सगळं सांगितलं. मोठेपणी माझ्याबरोबर गुप्त असं काही करायची संधी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती, त्यामुळे तो एकदम खुशीत आला. बायको बाहेर आली तेव्हा तो कुंडीकडे बघून मान हलवत म्हणाला, "ओक मात्र झकास वाढलाय हां." आणि निघताना दारात माझ्या कानाशी: "पुढली पानं अखंड येतील हां. तेव्हा काय करशील?"

तेव्हा मी कात्री घेतली.

माझी मिशी कापायची लहान कात्री. बायको सकाळी कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये योगवर्गाला जायची, तेवढ्यात मी ग्रिलपाशी. नवं पान उलगडलं की दोन्ही बाजूंनी गोल खाचा पाडायच्या. फणस कापला की पांढरा चीक येतो, तो कात्रीला बसतो आणि सुटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कात्रीने मिशी कापायला गेलो तर अर्धी मिशी कात्रीबरोबर आली. म्हणून कात्रीला आधी खोबरेल लावायला लागलो, विळीला लावतात तसं.

"अहो, मिशीला तेल लावता?" बायकोने विचारलं.

"कोरडी पडते."

"बघू. भांगही पाडा तिला."

कापलेल्या कडा तपकिरी पडायच्या. ते बायकोला दिसलं आणि तिचा जीव वरखाली झाला. ती पानांवर कडुनिंबाचं पाणी मारायला लागली. गटाला विचारलं. तिथे मोठी चर्चा झाली आणि निदान ठरलं: पान कातरणारी एक एकटी राहणारी माशी असते, ती घरट्यासाठी पानाचे गोल तुकडे कापून नेते. सकाळच्या वेळी काम करते, झाडाला फार अपाय करत नाही, स्वभावाने निरुपद्रवी. बायकोने मला हे सगळं वाचून दाखवलं. आपलं इतकं नेमकं वर्णन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"आणि म्हातारा काय म्हणतोय ऐका," ती म्हणाली. "म्हणतोय, दोन्ही बाजूंचे काप अगदी जोडीने आहेत. तुमच्याकडच्या माशा शाळेत जातात का?"

मी "हं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका बाजूची खाच मुद्दाम वाकडी कापली.

मार्चमध्ये त्या गटाची वर्षातली एकदाची ऑनलाइन बैठक होती. त्यात बायकोला दहा मिनिटं दिली होती, आपल्या झाडाबद्दल बोलायला. तिने भाषण लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आरशासमोर म्हणून बघितलं. बँकेतल्या निरोप समारंभालाही ती दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती. आणि बैठकीच्या सकाळी म्हाताऱ्याचा निरोप आला: एक लहानशी विनंती, सगळ्यांसमोर एका पानाचा देठ तोडून दाखवाल का?

"तोडू की, त्यात काय," बायको म्हणाली. "त्याचंही समाधान होईल."

ओकचा देठ तोडला तर काही होत नाही. फणसाचा तोडला की दुधासारखा चीक टपकतो. ती बेल्जियमपासून कोरियापर्यंत सगळ्यांसमोर नवी साडी नेसून देठ तोडणार आणि ज्या माणसांनी तिला पहिल्यांदा "तुला काय वाटतं?" विचारलं, त्यांच्यासमोर टप टप टप. मी तिच्याकडे बघत बसलो. ती कुंडीमागे पांढरी चादर लावत होती, फोटोत झाड उठून दिसावं म्हणून.

"तो ओक नाही," मी म्हटलं.

"म्हाताऱ्यासारखं बोलू नका. तो चिमटा द्या."

मी चिमटा दिला. "फणस आहे."

ती हसली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. मी सगळं सांगितलं: डबा, आमटी, फोन, गाडीवाला, कात्री. लग्नानंतर सलग इतकं मी कधी बोललो नव्हतो. ती चादरीचं टोक हातात धरून ऐकत होती.

"किती खाल्लेत?"

"सगळे."

"सगळे?"

"मला वाटलं तू माझ्यासाठी ठेवलेस. आईसारखे."

ती खुर्चीत बसली. चादरीचं टोक सोडून म्हणाली, "ते ओक इथे मरणारच होते. तेवढं मला कळतं. पण माझ्या हाताने लावून, माझ्या डोळ्यांदेखत मरायला हवे होते."

मी चादरीचा चिमटा काढायला लागलो.

"आणि खाल्लंत त्याचं काही नाही. भूक लागली, खाल्लंत. पण मी रोज त्या पानांवर कडुनिंबाचं पाणी मारत होते आणि तुम्ही सकाळी उठून पुन्हा कापत होतात. शेजारी उभं राहून बघत होतात मला."

मी मिशीची कात्री आणून तिच्यापुढे ठेवली.

मला वाटलं ती बैठक रद्द करेल. संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला, तिची वेळ आली तेव्हा उठली आणि मला खुर्चीत बसवलं. "तुम्ही सांगा."

माझं इंग्रजी ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरतं. त्यामुळे जगभरच्या ओकप्रेमींना मी जे सांगितलं ते साधारण असं होतं: वरील विषयातील झाडासंदर्भात सविनय कळवतो की मूळ बिया माझ्याकडून अनवधानाने सेवन करण्यात आल्या, व सध्याचे झाड हे पर्यायी आहे, सबब, माझ्या पत्नीचा यात कोणताही दोष नाही. पडद्यावरच्या चौकोनांत सगळे थिजले. मला वाटलं इंटरनेट गेलं.

मग कोरियातली बाई पुढे झुकली. "पाणी किती वेळा बदललं?"

"कसलं पाणी?"

"बियांचं. शिजवण्याआधी."

"एकदाही नाही."

आता मात्र खळबळ उडाली. मेक्सिकोच्या शिक्षिकेने कपाळाला हात लावला. कोरियात म्हणे ओकच्या बियांचं पीठ पुन्हापुन्हा धुऊन, तुरटपणा काढून त्याच्या वड्या पाडतात, पोरंसोरं आवडीने खातात. आणखी कुणी त्याच पिठाच्या भाकरीची गोष्ट काढली. मी खोटं बोललो याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. बिया न धुता खाल्ल्या, याच्यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना. शेवटी म्हाताऱ्याने हात वर केला.

"आणि ती माशी?"

"मीच," मी म्हटलं.

तो इतका हसला की चौकोनातून बाहेर गेला. काही वेळ नुसती रिकामी खुर्ची आणि हसण्याचा आवाज.

त्यानंतर बायको बसली. लिहिलेलं भाषण तिने बाजूला ठेवलं, देठ तोडून चीक दाखवला, फणसाचं पोरवयातलं पान आणि ओकचं पान शेजारी धरून कुठे कुठे फसायला होतं ते समजावलं. मग पर्समधून मायफळ काढलं आणि सांगितलं की आमच्याकडे ओक उगवत नाही, पण कित्येक घरांत आयुष्यातली पहिलीच चव त्याची असायची. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली, तरी तिला कुणी थांबवलं नाही. मी दाराआडून ऐकत होतो.

लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "जेवायला वाढते." बस.

शिक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. घरात सगळं व्यवस्थित होतं. चहा वेळेवर, डबा वेळेवर, बाळाचे फोटोही दाखवायची. फक्त ओकचं एक अक्षर नाही. संध्याकाळी चहाला ती समोर बसायची, टॅबलेट वाचायची, मधेच हसायची, आणि सांगायची नाही. मी काही वेळा आपण होऊन "हं" म्हणून बघितलं. ती "काय?" म्हणायची आणि मी "काही नाही." त्या गटात काय चाललंय, मेक्सिकोच्या शिक्षिकेने शाळेमागे लावलेली रोपं जगली का, मला काहीच कळेना, आणि ते जाणून घ्यावंसं मला इतकं वाटत होतं, हे माझंही मला नवीन होतं. शेवटी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बरी आहेत," आणि वाचत राहिली.

फणस तोवर कुंडीत मावेना. योगवर्गातल्या, जवळच्या राई गावच्या एका बाईच्या घरामागे थोडी जागा होती. "आना की, खाडीचा वारा लागल जरा, पन जगल. जागा हाय," असं ती म्हणाली. मी रिक्षातून मांडीवर कुंडी घेऊन गेलो. खड्डा तयार होता. मी कुंडी फोडायला लागलो तर बायको म्हणाली, "सरका." रोप तिने स्वतः लावलं, माती स्वतः दाबली. पाणी घालायचं तेवढं मला दिलं. नवं पान आलं होतं, अखंड, कुणी न कापलेलं. ते तिने बोटाने पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण पुसताना हसली असावी, पाठ होती म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी कोथिंबिरीसाठी भाजीचा ट्रे उघडला. फ्रिजमधला दिवा आता नवीन आहे, तो मीच बसवला. मागे डबा होता. तोच. झाकण सैल, आत ओली वाळू, वाळूत बिया.

मी हात मागे घेतला. ट्रे उघडाच ठेवून बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "अगं, या डब्यात काय आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. म्हणून विचारतोय."

ती उठून आली. हातात टॅबलेट तसाच. डब्यात बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"आठळ्या आहेत. भाऊजींनी फणस पाठवला होता, त्याच्या. तुमच्या आई ठेवायच्या तशा ठेवल्यात. वाळू बरोबर आहे ना?"

मी चष्मा लावला, एक उचलली, नखाने खरवडून बघितली. ती बघत होती.

"खा हो. फणसच आहे," ती म्हणाली. "आणि चहा टाका आधी. म्हाताऱ्याने काय लिहिलंय ते सांगायचंय."

मी चहा टाकला. समोर बसलो. ती वाचायला लागली आणि पहिल्याच वाक्यानंतर मी विचारलं, "म्हणजे कसं?"

ती थांबली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.